वाद्यघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मांडीवर आडवा ठेवून वाजवायचा ॲपलाचियन डल्सिमर हे अमेरिकन तंतुवाद्य घरी बनवतो आहे. नटपासून (खुंट्यांकडची, तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत (तारा टेकवणारी दुसऱ्या टोकाची पट्टी) 700 मिमी अंतर आहे. पडदे कुठे बसवायचे?

उत्तर : या वाद्यात बाराही स्वरांचे पडदे नसतात, त्यामुळे गिटारची पट्टी कापून चिकटवू नका. नटपासून 76.4, 144.4, 175.6, 232.8, 283.8, 307.1 आणि 350 मिमी हे पहिले सात पडदे. वरच्या सप्तकासाठी हीच मापे निम्मी करून 350 मध्ये मिळवा. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. मागच्या पडद्यापासून मोजत गेलात तर चूक साठत जाते.

मोकळ्या तारेला षड्ज मानले तर या पडद्यांवर खमाज थाट (निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध) मिळतो. अमेरिकेतल्या केंटकीकडचे जुने वादक सुराची तार (जिच्यावर धून वाजते ती) पंचमात लावून तिसऱ्या पडद्यावर षड्ज धरत, की झाला बिलावल, म्हणजे सगळे स्वर शुद्ध! मोकळ्या तारेवरच षड्ज आणि शुद्ध निषाद हवा असेल तर 329.2 मिमीवर एक जादा पडदा घाला. तो हल्ली सर्रास असतो.

प्रश्न : मापे बरोबर आहेत, तरी सातवा पडदा चढा बोलतो.

उत्तर : तार दाबली की ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून घोडी आधीच चिकटवायची नसते. सातव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसते बोट टेकवून छेडा, मग तार दाबून छेडा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी एकेक मिमी नटपासून लांब सरकवा. त्याआधी तारेची उंची बघा. सातव्या पडद्यावर ती 2 मिमीच्या आसपास हवी; 4 मिमी असेल तर घोडी कितीही सरकवली तरी सगळे पडदे जुळणार नाहीत. लाकडी कांडीने तार दाबून वाजवणाऱ्यांनी फक्त सुराची तार जुळवली तरी चालते, बाकीच्या मोकळ्याच झणकारतात.

प्रश्न : आवाज डब्यात कोंडल्यासारखा का येतो?

उत्तर : बहुतेक वेळा पडद्यांची पट्टी भरीव असल्यामुळे. वरची फळी 3 मिमीची आणि तिच्या मधोमध सागाचा ठोकळा चिकटवलेला, मग ती हलणार कशी? 38 मिमी रुंदीची पट्टी खालून कोरून पन्हळीसारखी करा, कडा 6 मिमी ठेवा, टोके भरीव राहू द्या. हे चिकटवण्याआधीच करायचे. आता पट्टी उचकटताना फळी चिरण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा नवी फळी कापण्याची तयारी ठेवा.