लडाखची यादी अर्धी करा

प्रश्न : ताई, जुलैत आईबाबांना घेऊन लडाखला जायचं ठरतंय. दोघंही साठीच्या पुढचे. टूर कंपनीने सहा रात्रींत लेह, पँगाँग, नुब्रा, हानले असं सगळं बसवलंय. तिसऱ्या रात्री थेट पँगाँगला तंबूत मुक्काम. भाऊ म्हणतो, तिथे आता गर्दी आणि कॅम्पच उरलेत, कशाला जाता? काय करू?

उत्तर : जा, नक्की जा. फक्त ही यादी घेऊन जाऊ नका.

आधी आईबाबांचं. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे आणि दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तिथे उतरवतं. विरळ हवेची सवय व्हायला पहिले दोन दिवस नुसती विश्रांती हवी. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर तीही सांगा. पँगाँग तलाव सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. तिसऱ्याच रात्री त्यांना तिथे झोपवणं मला अजिबात पटत नाही. रात्री डोकं ठणकलं, धाप लागली, तर लेहला परतायचा नेहमीचा रस्ता पाच हजार मीटरच्या वर चढून चांग ला ही खिंड ओलांडतो. खाली यायचं तर आधी वर चढायचं!

म्हणून लेहनंतर नुब्राचं खोरं घ्या. वाटेत खारदुंग ला या खिंडीची उंची लागते, तिथे फोटो काढा आणि लगेच उतरा. नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, झोप चांगली लागते. हुंदरच्या वाळूत दोन वशिंडांचे उंट दिसतील, मध्य आशियातल्या यारकंदच्या जुन्या व्यापारी वाटेवरचे. तिथे तासभर पुरे. तिथूनच पुढे असलेल्या तुर्तुक गावाला मात्र दोन रात्री राहा. पँगाँग शेवटी, तेही तब्येती ठणठणीत असतील तरच. हानले या खेपेला सोडा.

तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. 1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं. 2009 च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात पँगाँग दिसल्यावर तलावाकाठच्या स्पांगमिक गावाला तंबूंच्या रांगा लागल्या. पण मला गर्दीपेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. लेहला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शेती चालते ती बर्फाच्या पाण्यावर, पाटाने, पाळीपाळीने. जुन्या घरांत कोरडा संडास असतो : वरच्या मजल्यावर भोक, शेजारी मातीचा ढीग नि फावडं. वापरून झालं की वरून माती लोटायची, पुढे त्याचंच खत शेतात जातं. पाण्याचा थेंब लागत नाही. हॉटेलांना मात्र फ्लश नि शॉवर लागतात, त्यासाठी बोअर मारतात, आणि मैलापाणी जमिनीतच मुरतं. आईबाबांना उकिडवं बसणं जमत नसेल तर कमोडची खोली घ्या, त्यात संकोच नको. रोजची अंघोळ मात्र बादलीभर पाण्यात उरका, चादरी रोज बदलायला सांगू नका.

तुर्तुकचा आग्रह का? हे बाल्टी लोकांचं गाव 1971 च्या युद्धात भारताकडे आलं आणि कित्येकांचे भाऊ, काका ताबारेषेपलीकडे राहिले. पर्यटकांना ते 2010 मध्ये खुलं झालं. जुलैच्या शेवटी जर्दाळू पिकतात, गच्चीवर चटया टाकून वाळत घालतात. घराघरांत होमस्टे आहेत. तिथे दिलेला पैसा त्या घरातच राहतो. जेवायला कुट्टूची धिरडी मागा. पण ताबारेषेपलीकडच्या नातेवाइकांबद्दल आपणहून खोदून विचारू नका, त्यांनी विषय काढला तर ऐका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत, लष्करी चौक्या नि पुलांचे तर मुळीच नकोत.

कंपनी कार्यक्रम बदलत नसेल तर तिच्याकडून फक्त विमानाची तिकिटं घ्या. लेहला टॅक्सी युनियनच्या ठरलेल्या दराने गाडी मिळते. आणि तुमच्यापैकी एकाकडे तरी पोस्टपेड सिम असू द्या, इथलं प्रीपेड तिकडे चालत नाही.