किलिमांजारोला पहिल्यांदाच जाताय ना, मग आधी एवढंच बघा

निर्णय घेतलात हे भारीच! सह्याद्रीत नेहमी फिरत असाल तर पाय साथ देतील हो, पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि किलिमांजारोचं सर्वोच्च टोक उहुरू पीक ५,८९५, त्यामुळे खरा प्रश्न विरळ हवेचा आणि त्याला उपाय म्हणजे जास्त दिवस. पाच दिवसांचं स्वस्त पॅकेज अजिबात घेऊ नका, मचामे मार्ग सात दिवसांत नाहीतर लेमोशो मार्ग आठ दिवसांत करा. वाटेत लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापाशी ४,६०० मीटरच्या आसपास चढवून झोपायला परत खाली बरांको कॅम्पला आणतात ते उगाच नाही, शरीर तिथेच सरावतं.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- पहिल्या दिवशी जंगलात पळत सुटतात. गाइड "पोले पोले" म्हणतो, म्हणजे हळूहळू. ऐका त्याचं.
- डोकं दुखतंय हे लपवतात. लगेच सांगा, प्लीज.
- शिखर चढायच्या रात्री पाण्याच्या नळीवाल्या पिशवीवर अवलंबून राहतात. माझी नळी गोठली होती, पाठीवर दोन लिटर पाणी आणि घोटभरही पिता येईना! बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, झाकण मोकळं राहतं.

बूट मात्र आत्ताच घ्या आणि तेच घालून राजगड, हरिश्चंद्रगड करून या. बाकी सामानाचं तारीख ठरली की बोलू.