मुंबईत २० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळं जगतील का?

जगतील, पण जमलं तर ३०-४० लिटरची टाकी घ्या. पाणी जितकं कमी, तितकं पटकन बिघडतं.

मुंबईत खरी कसोटी उकाड्याची. प्रवाळांना साधारण २५-२६ अंश मानवतं आणि मे महिन्यात बंद खोलीतली टाकी सहज ३० च्या पुढे जाते. पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र त्याचा जोर कमी पडतो. एसीची खोली असेल तर तिथेच ठेवा. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच. काचेवर पातळीची खूण करा, रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) १.०२५ दिसायला हवं. आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदललं की झालं, त्यासाठी चौपाटीचं पाणी अजिबात आणू नका.

आणि कळकळीने सांगते, घाई नको. अमोनिया, नायट्राइट ही पाण्यातली विषारी द्रव्यं शून्यावर येईपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, टाकीत फक्त खडक. मग मशरूम, झोआंथिड ही मऊ, बिनसांगाड्याची प्रवाळं. झोआंथिडना हातमोज्यांशिवाय हात लावू नका, काहींत पॅलीटॉक्सिन हे जहाल विष असतं. कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या (१९७२) अनुसूची १ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणाखाली आहेत. कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका.