खातं ‘बंद’ आहे म्हणजे नेमकं काय?

गड्ड्याची जत्रा संपली की सोलापुरातल्या आयटीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. सुट्टीवरून परतलेला माणूस पासवर्ड विसरून येतो आणि “माझं अकाउंट बंद पडलंय” एवढंच सांगतो. ते कोणी डिसेबल केलंय, पासवर्ड वारंवार चुकून लॉक झालंय, त्याची मुदत संपलीय की नुसता पासवर्ड जुना झालाय, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असायचं कारणही नाही. पण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे विंडोज नेटवर्कवरची सगळी खाती जिथे नोंदलेली असतात तिथून, माहिती काढणाऱ्या आपल्या स्क्रिप्टलाही (छोट्या प्रोग्रॅमलाही) ते ठाऊक नसेल तर पंचाईत होते. या खेपेला आलेले बरेचसे प्रश्न त्याच पंचाइतीचे आहेत.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. एचआरने बंद खात्यांची यादी मागितली. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत युजरअकाउंटकंट्रोल ५१४ असलेली खाती शोधली, तर ११ मिळाली. डोळ्यांनी मोजली तर २६ भरतात. बाकीची कुठे गेली?

कुठेही गेली नाहीत, तुम्ही एकाच आकड्याला हाक मारलीत. युजरअकाउंटकंट्रोल म्हणजे खात्याची स्थिती सांगणारा आकडा, आणि तो अनेक खुणांची बेरीज असतो. साधं खातं ५१२, त्यावर डिसेबलची खूण २, म्हणून ५१४. पण त्याच खात्याला ‘पासवर्ड कधीच संपणार नाही’ असं टिक केलेलं असेल तर आणखी ६५५३६ मिळतात आणि आकडा होतो ६६०५०. तुमची उरलेली १५ बहुधा तिथेच सापडतील. म्हणून बरोबरीने तुलना करू नका, फक्त २ ची खूण आहे का ते विचारा. एलडॅप फिल्टरमध्ये, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारायच्या चाळणीत, त्यासाठी १.२.८४०.११३५५६.१.४.८०३ हा लांबलचक नियम वापरतात. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायच्या साधनात, गेट-एडीयूजर या कमांडला ‘इनेबल्ड फॉल्स’ (चालू नसलेली) खाती मागितली की हेच काम ती गुपचूप करते.

शोधताना एक सापळा सांभाळा. फिल्टरमध्ये नुसतं ‘ऑब्जेक्टक्लास युजर’ लिहिलंत तर कॉम्प्युटरही यादीत येतील, कारण डिरेक्टरीच्या हिशेबी कॉम्प्युटर हा युजरचाच पोटप्रकार आहे. सोबत ‘ऑब्जेक्टकॅटेगरी पर्सन’ घाला. आणि कोणत्याही चालू खात्यापुढे ५४४ दिसला तर थांबून बघा. त्यातले ३२ म्हणजे ‘पासवर्ड नसला तरी चालेल’. जुन्या स्क्रिप्टने घाईत बनवलेल्या खात्यांवर ही खूण राहून गेलेली असते, आणि डिसेबल खात्यांपेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटते.

प्रश्न : माणूस समोर उभा राहून सांगतो की लॉक झालंय, आणि माझी स्क्रिप्ट म्हणते सगळं ठीक आहे. कोणाचं खरं?

माणसाचं. युजरअकाउंटकंट्रोलमध्ये लॉकसाठी १६ ची खूण कागदावर आहे, पण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी तिथे ती लावत नाही. जुन्या स्क्रिप्ट तिच्यावर विसंबतात आणि फसतात. मग कोणीतरी लॉकआउटटाइम (लॉक झाल्याची वेळ) बघायला सांगतो, तर तिथे उलटी चूक होते. समजा लॉक ३० मिनिटांनी आपोआप सुटायचं ठरलेलं आहे. ३० मिनिटं होऊन गेली तरी तो माणूस पुन्हा नीट लॉगिन करेपर्यंत जुनी वेळ तशीच राहते, आणि सुटलेलं खातंही लॉक दिसतं. खरं उत्तर विचारल्या क्षणी हिशेब करून देणारं जे ‘कम्प्युटेड’ अ‍ॅट्रिब्यूट (खात्याच्या माहितीतला रकाना) आहे त्यात मिळतं. गेट-एडीयूजरचं ‘लॉक्डआउट’ तिथूनच येतं. पासवर्डची मुदत संपली का, हेही तिथेच कळतं.

पण लॉक आहे हे कळून भागत नाही, करतंय कोण ते शोधावं लागतं. एका साखर कारखान्यात एका कारकुनाचं खातं रोज सकाळी लॉक व्हायचं. मी चार दिवस नुसतं अनलॉक करत बसलो, हा माझाच आळस. पाचव्या दिवशी डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, त्यातही ‘पीडीसी एम्युलेटर’ ही खास जबाबदारी असलेल्या सर्व्हरवर, सिक्युरिटी लॉगमधला ४७४० नंबरचा इव्हेंट उघडला. त्यात कोणत्या कॉम्प्युटरवरून चुकीचा पासवर्ड येतोय त्याचं नाव असतं. नाव निघालं वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचं. गेल्या हंगामात त्या कारकुनानेच तिथे स्वतःच्या नावाने नेटवर्क ड्राइव्ह जोडून ठेवला होता, जुन्या पासवर्डसकट. सकाळी काटा सुरू झाला की तो बिचारा कॉम्प्युटर इमानेइतबारे दार ठोठवायचा.

प्रश्न : हंगामी लोकांची खाती ३१ मार्चपर्यंतची केली. स्क्रिप्ट कधी १ एप्रिल दाखवते, कधी ३१ मार्च संध्याकाळ. नेहमीच्या लोकांपुढे तर ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असा काहीतरी आकडा येतो.

तो भलामोठा आकडा म्हणजे ‘कधीच संपत नाही’. शून्य असला तरी अर्थ तोच, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये दोन्ही तपासा. बाकी तारखा १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांनी मोजलेल्या असतात, आणि त्याही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. तुम्ही ‘३१ मार्चअखेर’ निवडलंत की आत १ एप्रिलची मध्यरात्र नोंदली जाते. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून न बदलता वाचली तर ती ३१ मार्च १८:३० दिसते. खातं दोन्हीकडे एकाच क्षणी संपतं.

हेही ध्यानात ठेवा की मुदत संपलेलं खातं डिसेबल होत नाही. ‘इनेबल्ड’ विचारलंत तर ते खुशाल ‘ट्रू’ म्हणेल. एचआरला दिलेल्या यादीत हे लोक नेमके सुटतात.

प्रश्न : ९० दिवस न वापरलेली खाती काढायची आहेत. एक सर्व्हर सोलापुरात, एक पुण्यात. दोन्हीकडे लास्टलॉगऑन (शेवटच्या लॉगिनची वेळ) वेगळं येतं.

येणारच. लास्टलॉगऑन प्रत्येक डोमेन कंट्रोलर स्वतःपुरतं लिहितो, दुसऱ्याला सांगत नाही. लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प सगळीकडे पोहोचतं, पण मूळ सेटिंगमध्ये ते ९ ते १४ दिवस मागे असू शकतं. ९० दिवसांच्या चाळणीला एवढं चालतं. ‘काल कोण आलं होतं’ हे हवं असेल तर दोन्ही सर्व्हरना विचारून त्यातली ताजी वेळ घ्या. रकाना रिकामा असेल तर खातं कधीच वापरलेलं नाही, पण ते कालच तयार झालेलं असू शकतं. बनवल्याची तारीखही बघा.

प्रश्न : कॉलेजात विद्यार्थ्यांची तीन हजारांवर खाती आहेत. जुनी व्हीबीस्क्रिप्ट बरोबर १००० दाखवून थांबते.

सर्व्हर एका दमात मुळात १००० च देतो, पेज साइज (एका खेपेला किती, ते) लिहिलीत की पुढचे येतील. पण ती स्क्रिप्ट आता सोडाच. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट ही स्क्रिप्टभाषाच निवृत्त करायचं जाहीर केलंय. आणि ही माहिती नुसती वाचायला सहसा डोमेनचं साधं खातं पुरतं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका.

प्रश्न : यादी निघतेच आहे, तर स्क्रिप्टनेच खाती डिसेबल केली तर?

करता येतं, मी केलंय. ९० दिवसांचा नियम लावून एका संस्थेत रात्री स्क्रिप्ट सोडली आणि वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचंच खातं बंद केलं. ते वर्षातून एकदाच लॉगिन करत! तेव्हापासून माझी स्क्रिप्ट फक्त सीएसव्ही (यादीची साधी फाइल) काढते, एचआर त्यावर खूण करतं, मग त्या फाइलवरून डिसेबल-एडीअकाउंट आधी ‘व्हॉटइफ’ (काय होईल ते नुसतं दाखव) लावून चालतं. सीएसव्ही काढताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. पॉवरशेल ५.१ मध्ये ते विसरलात तर मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि एचआरच्या बाई तुम्हाला फोन करून विचारतात की हे कोण.