संथ गतीचा की संथ लयीचा?

प्रश्न असा आहे : ज्या चित्रपटात घटना मोजक्या आणि वातावरण हेच सारे काही, त्याला मराठीत काय म्हणावे? 'संथ' म्हटले की ऐकणारा 'म्हणजे कंटाळवाणा' असे धरून चालतो.

शब्द 'संथ'च ठेवावा. घोटाळा होतो तो त्याला जोडलेल्या नामामुळे. 'रस्त्याचे काम संथ गतीने चालू आहे' ही तक्रार. 'नदी संथ वाहते' यात तक्रार नाही. गती म्हटली की कुठेतरी पोहोचणे आले, आणि पोहोचायला उशीर झाला की दोष आला. लयीला पोहोचायचे नसते; तिथे महत्त्व दोन ठोक्यांमधल्या अंतराला. म्हणून 'संथ गतीचा चित्रपट' ही नापसंती, 'संथ लयीचा चित्रपट' हे वर्णन.

शास्त्रीय गाण्यातला 'विलंबित' (संथ लयीतला) हा शब्द त्याहून नेमका. एकताल या तालाच्या मात्रा (ठोके) बाराच, पण किराणा घराण्याच्या गायकीत विलंबित एकतालाचे एक आवर्तन (पूर्ण फेरी) जवळपास मिनिटभर चालू शकते. त्या मिनिटात घडते कमी असे नाही. मात्रांमधली जागा वाढल्यामुळे एरवी निसटणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) ऐकू येते, आणि समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर परतण्याची, ओढ सुटत नाही. ('ठाय' हा शब्दही सुचवला जातो, पण ठाय-दुगुन-चौगुन (मूळ, दुप्पट, चौपट) या क्रमात ठाय म्हणजे मूळ लय, त्यामुळे केवळ 'सावकाश' या अर्थी तो वापरताना जपावे.)

चित्रपटात ही सम म्हणजे पुढचा कट. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळाच राहतो. गोष्ट तसूभरही पुढे सरकत नाही, पण तारखेची वाट पाहणे म्हणजे काय ते त्या अंधारात बसल्यावर कळते.

'रटाळ' हा मात्र समानार्थी शब्द मुळीच नव्हे. रटाळ तेव्हा म्हणावे, जेव्हा तेच ते पुन्हा येते आणि येताना काहीच बदललेले नसते. शांताल आकेरमान यांच्या १९७५ सालच्या 'जान डीलमन'मध्ये २०१ मिनिटांत ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस आहेत : स्वयंपाक, भांडी, दिवे लावणे, मालवणे. आधी सगळे घड्याळाबरहुकूम चालते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ती ते पातेले हातात धरून घरात फिरत राहते, कुठे ठेवावे तेच सुचत नाही. या प्रसंगाचे कथानक सांगायचे तर एवढेच, 'बटाटे बिघडले'. पण आधीच्या दिवसाची लय अंगात मुरलेली असली, तर त्या पातेल्याने छातीत धस्स होते. तिथे घाई करून पुढे ढकलत पाहिले, तर उरतात फक्त बटाटे.

'वातावरणनिर्मिती' हे प्रकाश, आवाज, नेपथ्य यांनी साधायच्या कामाचे नाव. चित्रपटाचे विशेषण हवे असेल तर 'वातावरणप्रधान' चालेल. 'भावप्रधान' टाळावे, वाचणारा ते 'भावनाप्रधान' असे वाचतो आणि रडारडीची अपेक्षा ठेवतो.

राहिले 'रेंगाळणे'. हे क्रियापद दोन्हीकडे जाते आणि त्याचा अर्थ अधिकरण, म्हणजे कुठे रेंगाळते ते ठिकाण, ठरवते. 'मध्यंतरानंतर पटकथा रेंगाळते' हा दोष. 'शेवटच्या दृश्यातला आवाज कानात रेंगाळतो' ही दाद. कानात, जिभेवर, मनात असे पाहणाऱ्याच्या अंगातले ठिकाण वाक्यात आले, की रेंगाळण्याची तक्रार उरत नाही.