कोल्ड्रिंकचा गॅस टिकवणाऱ्या झाकणाला हवेचा पंप बसवावा का?

पंप काढून टाका. ड्रॉइंग पूर्ण झालं असलं तरी काढा.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: उघडलेल्या बाटलीच्या झाकणाला हवा भरायचा छोटा पंप दिला तर गॅस किती दिवस टिकेल, आणि सीलला सिलिकॉन चालेल का. सिलिकॉनचं पुढे सांगतो, पण पंपाचं आधी, कारण या विषयावर मी नोकरीत असताना पुष्कळ भांडलोय.

पेयात कार्बन डायऑक्साइड किती विरघळलेला राहील, हे वरच्या मोकळ्या जागेत त्याच वायूचा दाब किती आहे यावर ठरतं. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हे 1803 साली मांडलंय. हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच, 0.04 टक्के. म्हणजे तुम्ही हवा ठासून भरलीत तरी पेयाच्या दृष्टीने ती जागा रिकामीच. वर त्या हवेतला ऑक्सिजन चव बिघडवतो तो वेगळाच.

मी इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात साच्यांचं डिझाइन करायचो. आमच्याकडे असंच पंपाचं झाकण करायचं ठरलं. विक्री बघणारे साहेब म्हणाले, "दुसऱ्या दिवशी उघडताना फुस्स आवाज आला पाहिजे, गिऱ्हाईकाला तेवढंच कळतं." मी म्हटलं, साहेब, तो आवाज तुम्ही काल भरलेल्या हवेचा आहे, पेयातल्या गॅसचा नाही. त्यांना ते पटेना. मग एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही निम्म्या ओतल्या. एकीला पंपाचं झाकण लावून दांडा जड होईपर्यंत पंप मारला, दुसरीला तिचंच मूळ झाकण घट्ट बसवलं. दोन्हींचं वजन करून फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी मूळ झाकणाच्या बाटलीचा काटा जागचा हलला नव्हता. पंपवालीचं वजन उतरलं होतं, कारण तिचा एकतर्फी व्हॉल्व्हच बारीक गळत होता. पाण्याच्या बादलीत उभीच बुडवली तर दांड्याच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागोमाग येताना दिसले. उघडल्यावर आवाज दोन्हींचा आला. ग्लासात ओतल्यावर पंपवालं पेय सपक, दुसऱ्यात अजून जिभेला चरचर. साहेबांनी दोन्ही ग्लास प्यायले, मान हलवली आणि पंपाचं झाकणच बाजारात नेलं. मला ते आजही मान्य नाही. गिऱ्हाईक ज्या कामासाठी पैसे मोजतो ते काम वस्तूने केलंच पाहिजे.

आता मूळ दुखणं. झाकण कितीही घट्ट असलं तरी वरची रिकामी जागा गॅस खाते. भरलेल्या बाटलीत लिटरभर पेयामागे साधारण 4 लिटर वायू विरघळलेला असतो, वजनात सुमारे 8 ग्रॅम. दोन लिटरची बाटली निम्मी झाली आणि फ्रिजमध्ये 4 अंशांवर ठेवली, की उरलेल्या पेयातला 40 टक्क्यांच्या आसपास वायू हळूहळू वरच्या जागेत जाऊन बसतो. बाहेर 22 अंशांत ठेवलीत तर निम्म्याहून जास्त. पुढच्या वेळी उघडलीत की तो गेलाच. म्हणून उरलेलं पेय लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवणं हे कुठल्याही झाकणापेक्षा भारी, मग ओतताना थोडा गॅस गेला तरी चालेल. बाटली चेपून झाकण लावायची युक्ती मात्र करू नका. आतून गॅस सुटतो, चेपलेली बाटली फुगत परत मूळ आकारात येते आणि दाब वाढायलाच उशीर होतो.

सिलिकॉन घेऊ नका. खाद्यपदार्थांना चालतं, मऊ असतं, सगळं कबूल, पण कार्बन डायऑक्साइड त्यातून फार सहज आरपार जातो. ब्यूटिल रबर कितीतरी बरं. रिंग नुसती आवळून ठेवण्यावरही भिस्त नको, महिन्याभरात ती दबून बसते. आतल्या दाबानेच सील जास्त घट्ट होईल अशी ओठासारखी कड द्या. हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरने 1872 मध्ये गोटीच्या बाटलीत हेच केलं: गॅसच गोटीला रबरी रिंगवर दाबून धरतो. नवं काही शोधायची गरज नाही, हे तत्त्व झाकणात उतरवा. किती दिवस टिकेल याचा आकडा मी देणार नाही, तो बाटली किती रिकामी आणि किती थंड यावर आहे.

पंपाबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: हवेच्या दाबाने बुडबुडे उठायला जरा वेळ लागतो, त्यामुळे तासाभरापुरता थोडा फरक जाणवू शकतो. रात्रभर ठेवायचं तर उपयोग नाही.

आणि आट्यांमध्ये उभ्या खाचा सोडायला विसरू नका. कुठल्याही कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या गळ्यावर आटे मध्येमध्ये तुटलेले दिसतील, ते मुद्दाम. झाकण आट्यांतून सुटायच्या आत गॅस त्या वाटेने निघून जातो. सुमारे 22 मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर 4 बार दाब (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण चौपट) म्हणजे झाकणावर 15 किलोचा जोर, आणि भरलेली बाटली घरातल्या तापमानाला साधारण तेवढ्या दाबावर असते. खाच नसेल तर झाकण सरळ डोळ्यावर येतं. पहिला नमुना उघडताना चष्मा घाला आणि बाटलीचं तोंड भिंतीकडे धरा.