जर्मनीतील बेकारी भत्ता आणि अर्धवेळ काम: हिशेब तासांचा

म्युनिकमधील कंपनीने नोटीस दिली आहे आणि नवी नोकरी मिळेपर्यंत गोदामात अर्धवेळ काम धरले तर बेकारी भत्ता बंद होईल का, असे आपण विचारले आहे. भत्ता चालू राहणे पगारावर नव्हे, तासांवर ठरते. आठवड्याचे काम पंधरा तासांपेक्षा कमी असेल तर कायद्याच्या दृष्टीने आपण बेकारच राहता. पंधरा तास भरले की भत्ता पूर्णच थांबतो, आणि दोन ठिकाणी काम असल्यास दोन्हीकडचे तास एकत्र धरले जातात.

मात्र मर्यादेत राहूनही कमाईतील महिना १६५ युरोच खऱ्या अर्थाने आपले असतात; त्यावरची निव्वळ कमाई भत्त्यातून वजा होते. २०२६ मध्ये मिनीजॉबची, म्हणजे कमी कमाईच्या छोट्या नोकरीची, महिन्याच्या कमाईची मर्यादा ६०३ युरो आहे, म्हणजे तेवढे कमावल्यास भत्त्यातून ४३८ युरो जातील. ताशी १३.९० युरो या किमान वेतनाने १६५ युरो महिन्याच्या सुमारे बारा तासांतच होतात, आणि त्यापुढे आपण जवळजवळ फुकट राबत असता. जाण्यायेण्याचा खर्च दाखवून वजावट थोडी घटवता येते, इतकेच. म्हणून निव्वळ पैशासाठी असे काम धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे दिवसभर जर्मन बोलावे लागते किंवा आपल्या क्षेत्रातील माणसे भेटतात, असे थोड्या तासांचे काम जरूर घ्यावे. गोदामातील रात्रपाळी करून सकाळी मुलाखतीत जांभया आवरत बसणे महागात पडते. काम घ्यायचे ठरलेच, तर ते सुरू करण्यापूर्वी रोजगार कार्यालयाला कळवावे, कारण मागाहून उघडकीस आलेली कमाई वसूल तर होतेच, शिवाय दंडही होऊ शकतो.

नोटीस तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची असेल, तर ती मिळाल्यापासून तीन दिवसांत नोकरीच्या शोधात असल्याची नोंद करावी. उशीर झाल्यास एका आठवड्याचा भत्ता बुडतो. कंपनीने नोकरी संपवण्याचा परस्परसंमतीचा करार पुढे केला, तर सही करण्याआधी सल्ला घ्यावा, कारण सबळ कारणाशिवाय अशी सही केल्यास साधारणपणे बारा आठवडे भत्ता मिळत नाही.

कमी पगाराची पूर्णवेळ नोकरी घेतल्यास पुढचा भत्ता कमी होईल, ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात भत्ता घेतल्यानंतर दोन वर्षांच्या आत नव्या भत्त्याचा हक्क निर्माण झाला, तर तो निदान जुन्या पगाराच्या आधारावर मोजतात, आणि न वापरलेले दिवसही हक्क मिळाल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतात. त्यामुळे बरी नोकरी समोर आली तर भत्त्यासाठी ती नाकारू नये.

राहिला निवास परवान्याचा प्रश्न. हा भत्ता आपण भरलेल्या विमा हप्त्यांतून मिळतो, त्यामुळे तो सरकारी मदत म्हणून आपल्याविरुद्ध धरला जात नाही. परंतु नोकरी मुदतीआधी सुटत असल्याचे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणे बंधनकारक आहे, आणि ब्लू कार्डासोबतच्या (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवास परवान्यासोबतच्या) कागदावर दुसऱ्या कामाबद्दल काय लिहिले आहे, ते गोदामाच्या करारावर सही करण्यापूर्वी नीट वाचावे.